चहाच्या टपरीवरची एकोणीस शेतं

गेल्या वर्षी भाद्रपदातल्या अमावास्येला, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, अंजूरच्या खाडीकाठच्या एका उघाडीची खालची फळी निघाली आणि भरतीचं खारं पाणी आतल्या भातशेतीत शिरलं. त्या उघाडीच्या आत एकोणीस घरांची शेतं होती. भात निसवायला लागलं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या. दोननंतर ओहोटी लागेपर्यंत पाणी आत येत राहिलं.

त्या वेळी भिवंडीतल्या प्रकल्प कार्यालयाच्या पडद्यावर ती एकोणीसही शेतं हिरवी दिसत होती. हिरव्याचा अर्थ पडद्याच्या कोपऱ्यात लिहिला होता: सुरक्षित. मी त्या पडद्यासमोर बसलो होतो. नकाशाखालची ओळ माझी होती.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधात ठेवलेलं दार. दगडी खाचांत लाकडी फळ्या एकावर एक बसवलेल्या असतात. ओहोटीला फळ्या वर ओढून शेतातलं जादा पाणी सोडायचं, भरतीआधी त्या पुन्हा बसवायच्या. काम एवढंच. ते चुकलं की आत मीठ येतं, आणि आत आलेलं मीठ पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन सोडत नाही.

वीस वर्षं मी एका दैनिकाच्या ठाणे पानाच्या डेस्कवर होतो. ते पान बंद झालं. ओळखीतून हे काम मिळालं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, खाली पॉवरलूम. लूम सुरू असले की टेबलावरच्या चहात बारीक वर्तुळं उमटत. वर एसी होता, आणि सकाळी आल्या आल्या शिपाई लिंबाच्या वासाचा फवारा मारी. तो फवारा आणि खालून येणारा सुताचा, तेलाचा वास एकत्र होऊन जे काही तयार होई, त्याची मला पहिल्या आठवड्यापासून किळस होती. पुढे वासाची किळस गेली. दुसऱ्या गोष्टींची आली.

प्रकल्प हवामान-अनुकूल शेतीचा होता. खारं पाणी सोसणारं बियाणं द्यायचं, बांध आणि उघाड्या दुरुस्त करायच्या, पावसाचा अंदाज मोबाइलवर पाठवायचा. ही कामं तीन वेगवेगळ्या संस्था करत आणि कोण कुठे काय करतंय हे एकीचं दुसरीला माहीत नसे. एका गावात दोनदा बियाणं पोचे, शेजारच्या गावात एकदाही नाही. म्हणून नकाशा आला. प्रत्येक शेताचा एक ठिपका. लाल म्हणजे खारेपणा जास्त, ताबडतोब जा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. हिरवा म्हणजे सुरक्षित. राखाडी म्हणजे अजून नोंद नाही. सगळ्या संस्थांनी एकच नकाशा पाहायचा आणि लाल ठिपक्यांकडे आधी जायचं. हंगामासाठी एक पोकलेन भाड्याने घेतलं होतं, तेही याच क्रमाने फिरणार होतं. कल्पना वाईट नव्हती, हे इथे नोंदवणं आवश्यक आहे.

नकाशा एक बाई सांभाळत. त्यांना सगळे मॅडम म्हणत. माझं काम प्रत्येक आठवड्याच्या नकाशाखाली दोन ओळी मराठीत लिहायचं. आम्हा दोघांच्या वर प्रकल्पाचे प्रमुख, म्हणजे साहेब. साहेब गावात फारसे जात नसत. पडद्यासमोर उभे राहून ते बोटांनी नकाशा लहान-मोठा करत आणि म्हणत, "इथे बसून मला सगळं दिसतं."

आषाढातल्या एका बैठकीत साहेबांनी खाडीच्या बाजूला बोट ठेवलं.

"हे राखाडी काय आहे?"

"तिथली नोंद बसलेली नाही, सर," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे आपण कामच केलं नाही असं दिसतं."

"माणूस गेला होता. आकडा बसत नाहीये."

"तिथून काही तक्रार आहे?"

"तक्रार नाही."

"तक्रार नाही म्हणजे ठीक आहे. ठीक आहे म्हणजे हिरवा. तो राखाडी काढून टाका, राखेसारखा दिसतो."

खोलीत आणखी सहा माणसं होती. शिपायाने समोसे आणले. समोशाचं तेल बोटांना लागलेल्या एकाने तेच बोट पडद्यावर टेकवून आपलं गाव शोधलं, आणि तो तेलकट डाग पुढे दोन महिने कोन गावाच्या जरा वर तसाच राहिला.

त्या आठवड्याची माझी ओळ अशी होती: "खाडीकाठची शेती सुरक्षित; लाल क्षेत्र प्रामुख्याने कल्याण रस्त्याच्या बाजूला." डेस्कवर असतो तर ही ओळ लिहिण्याआधी मी अंजूरला फोन लावला असता. ज्याने पाहिलं त्याच्याकडून ऐकायचं, नाहीतर "असे समजते" लिहायचं, हा नियम मी नव्या मुलांना वीस वर्षं शिकवला होता. इथे मी रंग पाहून लिहिलं.

गणपती बसायच्या आधीच्या सोमवारी मावशी आल्या. साठीच्या आसपास, अंजूरहून शेअर रिक्षाने. हातात पिशवी. शिपायाने त्यांना माझ्याकडे पाठवलं, "ते पेपरवाले आहेत, त्यांना सांगा," असं म्हणून. पुढे त्या मला पेपरवालेच म्हणत राहिल्या. त्यांनी पिशवीतून हातभर लांबीचा लाकडाचा तुकडा काढला आणि माझ्या कीबोर्डवर ठेवला.

"ह्ये बगा. नखानं खरवडा."

मी हात मागे घेतला.

"खरवडा, खरवडा. चावत न्हाय ते."

मी खरवडलं. लाकूड ओल्या बिस्किटासारखं नखात आलं. त्याला खाडीच्या गाळाचा वास होता.

"खालच्या फळीचं हाय. वरच्या बऱ्या हायत. अमावशेचं उधान हिला सोसायचं न्हाय."

"गावातल्या माणसांकडून नवी बसवून होणार नाही?"

"फळी बसवायची म्हंजे खाचंतला दगड काढाया लागतो. आमच्या मानसांच्या हातानं निघत न्हाय तो. तुमचं पोकलेन हाय ना? गावात येऊन सांगून गेलात, उघाड्या करून देनार म्हनून. आमच्याकडनं टाळ्या पन वाजवून घेतल्या."

साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांनी लाकडाच्या तुकड्याकडे पाहिलं, आधी कीबोर्डची चौकशी केली, मग मावशींना पडद्याजवळ नेलं.

"मावशी, हे बघा. हे तुमचं गाव. हिरवं आहे."

मावशींनी पदराने चेहरा पुसला आणि नीट पाहिलं.

"हिरवं तर माजं शेत पन हाय आज. म्हनून तर आले."

"लालवाल्यांचं काम आधी होतं. नियम आहे."

"मंग आमी लाल कंदी व्हायचं? भात जळल्यावं?"

साहेब हसले. त्यांनी शिपायाला मावशींसाठी चहा सांगितला आणि आत गेले. मावशींनी चहा घेतला नाही. तुकडा पिशवीत भरता भरता त्यांनी पाळीची गोष्ट मला सांगितली. ती मी नंतर गावात आणखी दोघांकडून तपासून घेतली.

उघाडीवर एकोणीस घरांची पाळी असते. एका घराकडे एक वर्ष. फळ्या ओढायची लोखंडी आकडी त्या वर्षी त्या घराच्या ओटीवर टांगलेली असते. दर भरती-ओहोटीला त्या घराने जायचं, पाऊस असो, घरात लग्न असो. दिवाळीत बलिप्रतिपदेला नव्या भाताचे पोहे कांडून बाकीची अठरा घरं पाळीच्या घरी पुडी नेऊन देतात, आणि त्याच दिवशी आकडी पुढच्या घरी जाते. पाळीत खारं पाणी आत शिरलं तर त्या घरी कोणी पोहे नेत नाही. भांडण होत नाही, कोणी शब्द बोलत नाही. फक्त कोणी जात नाही. ते घर पुढची एकोणीस वर्षं, पुन्हा पाळी येईपर्यंत, तसंच ओळखलं जातं.

त्या वर्षी पाळी मावशींच्या घराची होती. नवरा चार वर्षांपूर्वी वारला होता. मुलगा काल्हेरच्या गोदामात शिफ्टवर. आधीच्या पाळीच्या घरच्या ओटीवर गावकीची बैठक भरली, तीत पुरुषांनी ठरवलं की आकडी दिराकडे द्यावी. मावशी उठल्या, खुंटीवरची आकडी काढली आणि घरी गेल्या. तेव्हापासून दर भरती-ओहोटीला त्या स्वतः बांधावर जात होत्या.

"आमच्या घरात एकदा बी चुकलं न्हाय," त्या म्हणाल्या. "आजेसासऱ्यापासनं. माज्या हातानं चुकलं त काय बोलतील ठावं हाय? फळी कुजली असं न्हाय बोलनार. बाई व्हती असं बोलतील."

त्या गेल्यावर मी मॅडमकडे गेलो आणि अंजूरचा ठिपका कुठून आला ते विचारलं. मॅडमनी दार बंद आहे की नाही ते पाहिलं, मग जुनी फाइल उघडली.

जुन्या फाइलमध्ये अंजूरच्या त्या उघाडीची एकोणीस शेतं एकाच जागी होती. एकावर एक. जवळ जाऊन पाहिलं तर ती जागा शेत नव्हती. रस्ता होता, रस्त्याच्या एका बाजूला गोदामाचं फाटक आणि दुसऱ्या बाजूला निळं ताडपत्रीचं छप्पर.

"हे काय आहे?"

"चहाची टपरी," मॅडम म्हणाल्या. "मी जाऊन आलेय."

टपरी आणि रस्ता म्हणजे बिगरशेती जागा. शेताबाहेर घेतलेलं खारेपणाचं माप संगणकाने चूक धरून गाळून टाकलं होतं. ठिपके राहिले, आकडे गेले. आकडे नाहीत म्हणून ठिपके राखाडी. मग साहेबांनी राखाडी रद्द केला आणि ते हिरवे झाले. एकावर एक एकोणीस ठिपके म्हणजे पडद्यावर एकच ठिपका दिसायचा, तो "केविलवाणा" दिसतो म्हणून साहेबांनी ते पसरवायला सांगितले. मॅडमनी ते गावाच्या हद्दीत सारख्या अंतरावर पसरवले. रांगोळीला ठिपके काढतात तसे.

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"सांगितलं. मेल आहे."

"दाखवा."

त्यांनी दाखवला. दोन ओळींचा होता. त्यात ठिपक्यांच्या जागा खऱ्या नाहीत असं स्पष्ट लिहिलं होतं. उत्तरात वर केलेल्या अंगठ्याचं चित्र होतं.

दुसऱ्या दिवशी मी टपरीवर गेलो. शेतांच्या नोंदी घेणारा माणूस, प्रकल्पाच्या भाषेत गावमित्र, तिथेच भेटला. तो अर्धा दिवस अंजूर-भिवंडी रिक्षा चालवी आणि अर्धा दिवस नोंदी घेई. मी त्याला विचारलं, शेतात जाऊन मोजलं होतं का.

तो रागावला. रिक्षाच्या सीटखालून त्याने वही काढली. एकोणीस घरं, प्रत्येकापुढे तारीख, वेळ, खारेपणाचा आकडा. चिखलाचे बोटांचे ठसे पानापानावर. आकडे मी समजण्याइतपत शिकलो होतो. एकोणिसांपैकी सोळा लालमध्ये जात होते. उघाडीची फळी आधीपासून पाझरत होती.

"मग नोंदीचा मोबाइलवरचा फॉर्म इथे का भरलास?"

"शेतात रेंज न्हाय, भाऊ. बांधावर त अजिबात न्हाय. हितं गोदामवाल्यांचा टॉवर हाय, फुल रेंज. नि रिक्षाचा नंबर पन लागतो. चहा घेतो, वहीतनं बघतो नि टाकतो. आमी सगळेच असंच करतो."

"फॉर्म भरताना मोबाइल तू कुठे आहेस ते टिपतो, माहीत होतं?"

"टिपतो त टिपू दे की. मी काय चोरी केली काय?"

टपरीवाला हसला. "म्हंजे आख्ख्या गावाची शेती माज्या टपरीवर हाय म्हना ना! सातबारा माज्या नावावर करा मंग." बाकावर बसलेला एकजण म्हणाला, "बाईच्या हातात आकडी दिली ना, आता टपरीवरच भात पिकनार." सगळे हसले. ज्या शेतांविषयी हे बोलणं चाललं होतं, त्यांच्या सोळा लाल आकड्यांचं पान माझ्या हातात होतं.

त्याच दुपारी गावमित्र, मावशी आणि मी बांधावर गेलो. रस्ता असा नव्हता. दोन्ही बाजूंना भराव टाकलेला होता: पाडलेल्या घरांच्या विटा, संडासाची फुटकी भांडी, लूमच्या चिंध्या, गोदामातल्या पॅकिंगचं प्लास्टिक. कांदळवनाच्या फांद्यांवर भरतीने आणलेलं तेच प्लास्टिक वाळत घातल्यासारखं लटकत होतं. एका जागी प्रकल्पाच्या जुन्या कार्यक्रमाचा फलक चिखलात पडला होता. त्यावर दोन गोरे हात एक रोपटं धरून होते. मावशी त्यावरून चालत गेल्या, कारण तेवढीच जागा कोरडी होती.

उघाडीपाशी पोचल्यावर गावमित्राने खारेपणा मोजायचं पेनासारखं यंत्र शेतातल्या पाण्यात बुडवलं. आकडा वाचला, मी लिहून घेतला. मोबाइलवर फॉर्म भरला. फॉर्म जाईना. "रेंज आली की आपोआप जाईल" असं त्यावर आलं. आम्ही परत चालत आलो. फॉर्म गेला तेव्हा आम्ही टपरीसमोर होतो. संध्याकाळी मॅडमनी पाहिलं. जागा फॉर्म भरतानाची नव्हे, जातानाची टिपली जात होती; विसावा ठिपका टपरीवर पडला होता, आणि त्याचा आकडा गाळला गेला होता.

मी साहेबांना लेखी दिलं. वहीच्या पानाचा फोटो, फळीचा फोटो, टपरीवरच्या ठिपक्यांचं चित्र, अमावास्येची तारीख, भरतीची वेळ. एक पान. ते वाचून त्यांनी पान टेबलावर पालथं ठेवलं.

"तुमचं बरोबर असेल."

"तपासलं आहे."

"पण अमावास्येच्या आदल्या दिवशी पाहुणे येतायत. परदेशी आहेत त्यात. दोन महिन्यांपूर्वी खाडीकाठ हिरवा म्हणून आपणच पाठवलं. ओळ तुमचीच आहे. आता एकदम सोळा लाल? विचारतील ना, काय झालं म्हणून."

"काय झालं ते सांगता येईल."

"पाहुणे जाऊ द्या. लगेच बदलू."

"लगेच म्हणजे अमावास्येच्या दिवशी. पोकलेनला दोन दिवस लागतात."

"तुम्ही पेपरवाले फार घाई करता," साहेब म्हणाले. मग पेढ्याचा बॉक्स पुढे केला. गणपतीचा प्रसाद होता. मी घेतला. घेतला हे मला अजून आठवतं, आणि त्या गोडाची चव मला अजून नको वाटते.

पोकलेन त्या वेळी कोनला होतं. मी तिथेही जाऊन आलो. नकाशावर तिथे गडद लाल ठिपका होता. ठिपक्याच्या जागी भात नव्हतं. कागदोपत्री अजून शेत असलेला, पण भराव टाकून वर्ष झालेला एक प्लॉट होता आणि कडेने कारखान्यांचं रंगीत पाणी वाहणारा नाला. कुणीतरी मोजायचं ते पेनासारखं यंत्र त्या नाल्यात बुडवलं असावं; कोणी ते कळलं नाही. पोकलेन नाल्याच्या काठाने बांध घालत होतं, ज्याच्या आत राखण्यासारखं काही नव्हतं. पाण्याला जांभळट फेस होता. चालक नाकाला रुमाल बांधून बसला होता.

"यहाँ खेत कहाँ है?" मी विचारलं.

"मेरे को क्या मालूम," तो म्हणाला. "मॅप में लाल है ना? तो यहीं करने का."

"अंजूर आओगे? दो दिन का काम है."

"साहब से मेसेज करवाओ. हरे पे गाडी नहीं जाती."

मी साहेबांना तिथून फोन केला. त्यांनी उचलला नाही. मॅडमना केला. त्या म्हणाल्या, रंग बदलायचा अधिकार आता फक्त साहेबांकडे आहे, बैठकीनंतर तसं करून घेतलंय.

मावशींना मी सांगितलं की पोकलेन येईल असं वाटत नाही. त्यांनी विचारलं, "वाटतं, का नक्की?" मी नक्की म्हणालो. त्या दिवसापासून त्यांनी आणि गावमित्राने मातीची पोती भरून फळीला आतून टेकवायला सुरुवात केली. मुलगा दोन दिवस ड्युटी बुडवून आला. बाकीच्या घरांतून कोणी आलं नाही. एका घराची पाळी असली की बाकीच्या अठरा घरांनी हात लावायचा नाही, असाही नियम होता.

अमावास्येच्या आदल्या दिवशी पाहुणे आले. त्यांना गावात नेलं नाही. खूप चिखल आहे असं सांगितलं. पडद्यासमोर त्यांना खुर्च्या मांडल्या. साहेबांनी आषाढातला नकाशा दाखवला, मग आताचा. मधल्या काळात राखाडी जाऊन हिरवा पसरत जातो असं हलतं चित्र मॅडमकडून करून घेतलेलं होतं. खाडीकाठ हळूहळू हिरवा झाला. टाळ्या वाजल्या. एका पाहुण्याने त्याचं मोबाइलवर चित्रण केलं. माझी ओळ इंग्रजीत भाषांतर होऊन खाली चमकत होती.

दुसऱ्या दिवशी, अमावास्येला, साहेब आले नाहीत. सर्वपित्री होती, शिपायाने सुट्टी घेतली होती. आदल्या दिवशीचे नाश्त्याचे खोके तसेच टेबलांवर होते. अर्धे खाल्लेले ढोकळे, चटणीत बुडालेले कागदी रुमाल, हारातले कोमेजलेले झेंडू. वर माश्या. एसी बंद असल्यामुळे तो सगळा वास खोलीत साचला होता. पडदा बंद करायला कोणीतरी विसरलं होतं. त्यावर हिरवा होण्याचं चित्र पुन्हा पुन्हा चालू होतं.

बारा वाजून बेचाळीस मिनिटांनी मावशींचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज होता.

"गेली. फळी गेली, पेपरवाले."

"किती वाजता?" मी विचारलं.

"आता टायम पायजे तुमाला?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आत्ताच. दोन मिन्टं झाली. लिवा."

मी लिहिलं.

मी पोचलो तेव्हा सव्वा दोन झाले होते. शेतात पाणी स्थिर उभं होतं, त्यावर प्लास्टिक आणि फेस. भाताची टोकं पाण्याबाहेर हिरवी होती. मावशी बांधावर उभ्या होत्या, कमरेपर्यंत चिखलात भरलेल्या, हातात आकडी. वरच्या फळ्या त्यांनी वाचवल्या होत्या. पुरुष दूर रस्त्याच्या कडेला उभे होते. जवळ कोणी आलं नाही. त्यांच्यातला एक मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "बोललो व्हतो ना."

नऊ दिवसांत भात आधी टोकाला, मग खालपर्यंत पिवळं पडलं. लोंब्या भरल्या नाहीत.

साहेबांनी दसऱ्याच्या आसपास रंग बदलायची परवानगी दिली. मॅडमनी वहीतले आकडे हाताने भरले. सोळा ठिपके लाल झाले. नियमाप्रमाणे पोकलेन आलं, खाचेतला दगड काढला, नवी फळी बसली. दोन दिवस लागले. काम पूर्ण झाल्याची खूण करताच नकाशाने ठिपके पुन्हा हिरवे केले. त्या आठवड्याची ओळ मी लिहिली नाही. ती साहेबांनी स्वतः लिहिली: "अंजूर येथे वेळेवर हस्तक्षेप." मी महिनाअखेरीस काम सोडलं. मॅडम अजून तिथेच आहेत.

गावमित्राने एक गोष्ट केली, तीही नोंदवतो. दिवाळीच्या आधी त्याने ती वही टपरीवर उघडून बाकावरच्यांना दाखवली. फळी आषाढापासून पाझरत होती, तारीख-वेळेसह लिहिलेलं आहे, बाईने काही चुकवलं नाही, असं सांगितलं. टपरीवाल्याकडून हे ऐकलं आणि गावमित्राने त्याला दुजोरा दिला. बाकावरचे काय म्हणाले, यावर दोघांचं एकमत नाही.

बलिप्रतिपदेला मी अंजूरला गेलो. दुपारी चारला पोचलो. मावशी ओटीवर बसून होत्या. मुलगा काल्हेरला ड्युटीवर होता. ओटी सारवलेली होती आणि पुड्या ठेवायला एक परात मांडून ठेवली होती. परात रिकामी होती. उघाडीच्या आतल्या एकाही घरात कांडायला नवं भात नव्हतं, त्यामुळे कोणी पोहे का आणले नाहीत हे ठरवायला मार्ग नव्हता. मावशींनी मला चहा दिला. वहीचं टपरीवर काय झालं ते त्यांनी विचारलं नाही.

आकडी त्या दिवशी पुढच्या घरी जायची होती. पुढच्या घरच्याने येऊन ती न्यायची असते. साडेसहापर्यंत तो आला नव्हता. जाताना मी त्याच्या घरी चौकशी केली. जमीन विकायचं बोलणं करायला तो सकाळीच काल्हेरच्या गोदामवाल्याकडे गेला आहे, असं त्याच्या बायकोने सांगितलं. मी परत वळून पाहिलं तेव्हा आकडी मावशींच्या ओटीवर खुंटीला होती.